केसाहून बारीक तार

"मला तार दिसत नाही," चष्म्याच्या दुकानाच्या दारातूनच तो म्हणाला.

बिट्टी काउंटरमागे बसून काचा पुसत होती. सकाळपासून दुकानात चिटपाखरू फिरकलं नव्हतं. तिने मान वर केली. उंच, जरासा वाकून उभा राहणारा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या... आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखा भाव.

"कुठली तार? विजेच्या खांबावरची?"

"नाही हो. ही." त्याने चिमूट तिच्यापुढे धरली.

बिट्टीने पुढे वाकून पाहिलं. चिमटीत काही म्हणजे काही नव्हतं.

"इथे तर काहीच नाहीये."

"आहे! केसाहून बारीक आहे. म्हणजे... तुम्हालाही दिसत नाही?"

"अहो, डोळे तुमचे तपासायचेत ना? का माझे?"

तो गोंधळला. त्याने हात उजेडाकडे वळवला, तशी त्या चिमटीतून एक तांबूस रेघ लखकन चमकून गेली. दोघांनी एकदमच "अरे!" म्हटलं, आणि दोघांना एकदमच हसू आलं.

तिने त्याला खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि एकेक काच सरकवू लागली.

"आता सांगा. पहिली बरी का दुसरी?"

"दुसरी... नाही, पहिली. पुन्हा दाखवा बघू."

"ही पहिली. ही दुसरी."

"दोन्ही छान आहेत."

"तक्ता तिकडे आहे, भिंतीवर," बिट्टी म्हणाली. तिचे कान मात्र उगाचच गरम झाले.

त्याला जवळचा नंबर निघाला. लहानपणापासूनच असणार, इतकी वर्षं डोळ्यांनी निभावून नेलं होतं आणि आता त्यांनी हात टेकले होते. तो मामाच्या दुकानात पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचा. पण ही असली तार मोटारीची नव्हती.

"मग कशाची?"

"गिटारच्या पिकअपची. तारांखाली ती पट्टी असते ना... आत चुंबक आणि भोवती तांब्याची गुंडाळी. सात-आठ हजार वेढे. वर तार थरथरली की खाली हिला कळतं. गिटारचा कानच म्हणा. छंद आहे माझा."

बिट्टीच्या हातातली काच हातातच राहिली.

"मग माझी गिटार ठार बहिरी आहे," ती म्हणाली.

दर रविवारी चौघांचा बँड गायिकेच्या गच्चीवरच्या खोलीत सरावाला जमायचा. बिट्टीची बोटं चांगली चालायची, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण ड्रम सुरू झाले की तिच्या गिटारचा आवाज कुठल्या कुठे गडप व्हायचा. वाढवावा तर कर्कश व्हायचा, वर एक अखंड घूं... ड्रमवाल्याने, बिट्टीच्या दादाच्या मित्राने, ज्याला सगळे ढमाढम म्हणत, त्या आवाजाचं नाव 'डास' ठेवलं होतं. गायिका मात्र विनोद करत नसे. गेल्या रविवारी ती सरळच म्हणाली होती, "बिट्टी, तुझी गिटार दिसते, पण ऐकू येत नाही. वाचनालयाच्या पटांगणातल्या कार्यक्रमाला तीन आठवडे राहिलेत. आवाज भरला नाही तर त्या दिवशी मला दुसरं कुणीतरी उभं करावं लागेल. रागावू नकोस."

बिट्टी रागावली नव्हती. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली होती.

दुसऱ्या दिवशी ती गिटार पाठीला लावून वाइंडिंगच्या दुकानात हजर झाली. दारात उघड्या पोटाचे पंखे, आत वॉर्निशचा वास, आणि कोपऱ्यात शिलाई मशीनच्या मोटारीवर बनवलेलं एक चिमुकलं यंत्र. मामा पंपाशी झुंजत होते. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग भाच्याकडे. आज भाच्याने केस विंचरले होते.

"वाजवा," तो म्हणाला.

ती वाजवू लागली. तो डोळे मिटून ऐकत होता. कुणी इतकं मन लावून ऐकलं की बोटं अडखळतात, हे बिट्टीला त्या दिवशी कळलं.

"हात छान आहे तुमचा," तो म्हणाला. "पिकअप मारतायत तुम्हाला. दोन आहेत, दोन्ही बदलू. मी एकाच खाचेत दोन बारीक गुंडाळ्या बसवतो, शेजारी शेजारी. एक सुलटी, एक उलटी, चुंबकाची टोकंही तशीच उलटसुलट. मग ती घूं आहे ना, ती दोघींत मिळून आपोआप मरते... आणि सूर मात्र वाढतो."

"एक उलटी असूनही?"

"उलटी आहे म्हणूनच," तो म्हणाला, आणि लगेच पाना शोधायला खाली वाकला.

पण एक अडचण होती. गिटार बिट्टीची नव्हतीच, दादाची होती. दादा मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला होता. दहा महिन्यांपूर्वी निघताना त्याने गिटार तिच्या हवाली केली आणि बजावलं, "वाजव हवी तेवढी. पण एकाही स्क्रूला हात लावायचा नाही. माझी शपथ आहे." आणि नेमका कार्यक्रमाच्याच दिवशी तो घरी पोचणार होता.

"जुने पिकअप काढून जपून ठेवू," तो म्हणाला. "दादा आले की तासाभरात परत बसवून देईन. कळणारसुद्धा नाही."

बिट्टीने गिटारवरून एकदा हात फिरवला. मग डोळे मिटून गिटार त्याच्या हातात दिली.

त्यानंतरचे दिवस भुर्रकन गेले. चष्मा तयार झाला तो न्यायला तो आला, मग दांडी सैल वाटते म्हणून आला, मग घट्ट वाटते म्हणून. बिट्टी संध्याकाळी काम कुठवर आलं ते बघायला जायची. यंत्र गरगर फिरायचं, तो नव्या चष्म्यातून तार बोटांवरून सोडत राहायचा. इतकी हलकी, की ओढली तर तुटावी, सोडली तर गुंता व्हावा. वेढे मोजणारा काटा पुढे सरकायचा आणि तेवढा वेळ दोघं श्वास धरून बसायची.

"पंख्याची शंभर गिऱ्हाइकं," मामा पंपाला ऐकवायचे, "गिटारचं एक. आणि आमच्या राजेसाहेबांना दिसतं कोण, तर ते एक."

"मामा!"

"मी पंपाशी बोलतोय."

आणि मग एका दुपारी तो चष्म्याच्या दुकानात धापा टाकत आला. बाहेर भुरभुर होती, हातात छत्री होती, पण ती उघडायचं त्याला सुचलं नव्हतं. खुर्चीत एक आजोबा तपासणीची फ्रेम चढवून बसले होते.

"तुटली," तो म्हणाला.

"काय तुटलं?"

"दादांच्या जुन्या पिकअपची तार. काढताना. अगदी मुळाशी, आतल्या बाजूला. मीटर लावून पाहिला... पिकअप मुका झालाय. माझ्या हातून तुटली."

शपथ, दादाचा चेहरा, ते 'कळणारसुद्धा नाही'... सगळं एकदम बिट्टीच्या डोळ्यांपुढे आलं.

"तू म्हणाला होतास जपून ठेवीन!" ती ओरडलीच. 'तुम्ही' कुठल्या कुठे उडून गेलं होतं. "एकच गोष्ट मागितली होती मी. एक! आता दादाला काय सांगू?"

"मी सांगतो त्यांना. मी स्वतः येऊन—"

"काही गरज नाही!"

त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं. आजोबांनी फ्रेमआडून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पोरी, ही काच राहू दे," ते म्हणाले. "मला आता सगळं स्वच्छ दिसतंय."

चार दिवस बिट्टी त्या रस्त्याने गेली नाही. पाचव्या दिवशी जावंच लागलं, कारण गिटार तिथे होती आणि कार्यक्रम दोन दिवसांवर आला होता. ती तोंड फुगवूनच आत शिरली. तोही मोजकंच बोलला. नवे दोन्ही पिकअप बसले होते. एक छोटी डबी त्याने तिच्यापुढे ठेवली. आत जुने दोन पिकअप, कापसात गुंडाळलेले.

"तुटलेला मी दुरुस्त करायला घेतलाय. जमेल, पण वेळ लागेल. तोवर डबी माझ्याकडेच राहू दे," तो म्हणाला. "आता जरा वाजव. उंची लावायची आहे."

तिने तार छेडली, आणि फुगवलेलं तोंड उघडंच राहिलं.

हा आवाज तिच्या गिटारचा? गुबगुबीत, गरम, पोटातून निघालेला. ॲम्पचं बटण किंचित पुढे नेलं तर त्याला एक खर्ज चढला. गुरगुरावं आणि तरी सूर सुटू नये, असा. मागची ती घूं... होतीच कुठे?

"आणखी जवळ घे ना पिकअप," ती अधीरपणे म्हणाली. "आणखी मोठा येईल."

"नाही येणार. फार जवळ नेला तर चुंबक तारेला धरून ठेवतं, तिला मोकळं थरथरू देत नाही. आवाज गढूळ होतो." तो स्क्रू पाव फेरा फिरवत होता, तिच्याकडे न बघता. "फार लांब राहिलं तर ऐकूच येत नाही. नेमकं कुठे थांबायचं, तेच कळत नाही कधी कधी."

तो पिकअपबद्दलच बोलतोय का, हे बिट्टीने विचारलं नाही. विचारायचा तिला धीर झाला नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पटांगणातल्या खुर्च्या भरल्या. दादाची गाडी उशिरा होती. बरंच झालं, बिट्टीच्या मनात आलं, आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली. पहिलं गाणं सुरू झालं. ढमाढमने चार ठोके दिले आणि तिने पहिला स्वर लावला.

गायिका गाता गाता गर्रकन वळली. क्षणभर ओळच चुकते की काय असं झालं. मग तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं आणि तिने बिट्टीला हाताने 'ये, पुढे ये' अशी खूण केली. आजवर ड्रमच्या आडोशाला उभी राहणारी बिट्टी तीन पावलं पुढे आली. दुसऱ्या कडव्यानंतरचा तुकडा तिचा एकटीचा होता. लांब खेचलेला शेवटचा स्वर पार भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसांपर्यंत गेला... आणि तिथे, खांद्यावर भलीमोठी बॅग घेऊन, दादा उभा होता.

कार्यक्रम संपला. टाळ्या झाल्या, गायिकेने मिठी मारली. बिट्टीला काही ऐकू येत नव्हतं. दादा खुर्च्या ओलांडत सरळ तिच्याकडे येत होता.

"दादा, मला काहीतरी सांगायचंय—"

"तिने नाही, मी सांगतो." वाइंडिंगवाला कुठून आला कोण जाणे. हातात ती डबी होती आणि चेहरा कागदासारखा पांढरा. "गिटार मी उघडली. तुमचा जुना पिकअप माझ्या हातून तुटला. तिची काही चूक नाही."

दादाने डबी घेतली. पिकअप उलटा करून पाहिला. मग सावकाश, कानाच्या पाळ्यांपासून, दादा लाल होत गेला.

"तू उघडलीस," तो म्हणाला. "म्हणजे... आतलं सगळं पाहिलंस."

"हो."

"बिट्टी," दादा घसा खाकरत म्हणाला, "स्क्रूला हात लावू नको म्हटलं होतं ना, ते गिटारच्या काळजीने नव्हे गं. निघायच्या आठ दिवस आधी आवाज सुधारायला म्हणून मीच ती उघडली होती. हा पिकअप ओढून काढला, तार अर्धी तुटली, गोंद लावून चिकटवली आणि झाकण लावून टाकलं. बोटीवर एवढं मोठं इंजिन सांभाळतो आणि घरी एक गिटार... ढमाढमला कळलं असतं तर जन्मभर ऐकवलं असतं त्याने!"

बिट्टीने त्याच्या हातातली डबी घेतली.

"म्हणजे... तू रागावला नाहीस?"

"रागावू? अगं, तो आवाज ऐकून मला वाटलं, गिटार वेगळीच घेतलीस!"

छातीवरचा एवढा थोरला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं. बिट्टी मटकन पायरीवर बसली. हसावं का रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. दादाने तिच्या डोक्यावर टपली मारली, वाइंडिंगवाल्याच्या पाठीवर थाप मारली आणि ढमाढमला घेऊन तो समोरच्या चहावाल्याकडे निघाला.

स्टेजवर दोघंच उरली. तो खाली बसून वायर गुंडाळू लागला.

"गोंद दिसला होता तुला?" तिने विचारलं.

"दिसला होता."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस? मी किती वाट्टेल ते बोलले तुला!"

"तुटली ती माझ्याच हातात ना. आणि..." तो वायरीकडेच बघत म्हणाला, "बहिणीपुढे भावाला नावं ठेवून स्वतः सुटायचं... बरं नाही वाटलं."

बिट्टी उठली आणि त्याच्यासमोर येऊन बसली. वायरीचं दुसरं टोक तिने हातात धरलं. आता त्याला गुंडाळता येईना.

"असं आणखी काय काय आहे," ती हळूच म्हणाली, "जे तुला माहीत आहे आणि तू बोलला नाहीस?"

"एकच."

"कुठलं?"

पटांगणात कुणीतरी खुर्च्या एकात एक रचत होतं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तू मला आवडतेस," तो शेवटी म्हणाला. "फार. चष्म्याची दांडी कधीच सैल नव्हती."

"माहीत होतं," बिट्टी म्हणाली. "मी दर वेळी नुसतीच पुसून परत देत होते."

त्याने इतका मोठा सुस्कारा सोडला, की जणू तीन आठवडे श्वास धरून बसला होता. त्याचा तो अवतार बघून तिला खुदकन हसू फुटलं. तिने वायर सोडली नाही, नुसता हात पुढे सरकवला आणि तो त्याच्या हातावर ठेवला. त्याची बोटं तांब्याच्या तारेने कापून कापून खरखरीत झालेली, तिची गिटारच्या.

"बिट्टी!" रस्त्यापलीकडून दादाची हाक आली. "चहा निवतोय! येतेस ना?"

"येतो आम्ही!" बिट्टी ओरडली.

पलीकडे ढमाढम फिस्सकन हसला. मग दादाचा आवाज आला, जरा जास्तच मोठा.

"अहो, आणखी एक चहा टाका! भरपूर साखर घालून!"