चौघांचं पाणी

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. आमच्या घरात घडली आहे, माझ्यासमोर घडली आहे, आणि तिच्यात सगळ्यात मोठा दोष माझाच आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर म्हातारीची बडबड म्हणून सोडून द्या. मला आता फरक पडत नाही.

साल १९६३. वैशाखातला शनिवार. गाव वडनेर भोलजी.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. घरात बाबा, माय, मी आणि माझा पाच वर्षांचा भाऊ इंद्रभान. शिवाय चार कुत्रे.

रंभी ही आई. मागच्या एका पायाने लंगडी, पण हुकूम तिचाच चालायचा. भुऱ्या, टिप्या आणि चांदी ही तिची पिल्लं. भुऱ्या आळशी. टिप्या चोरटा, मायच्या हातातली भाकर पळवणारा. आणि चांदी इतकी भित्री, की कोंबडी अंगावर आली तरी रंभीच्या पोटाखाली शिरायची.

माय रोज कुरकुर करायची, की घरची माणसं चार आणि पीठ लागतं आठ जणांचं. पण भाकरी तीच थापायची, आणि टिप्याला सगळ्यात मोठी द्यायची.

आम्ही कुठेही निघालो की चौघे बरोबर. नांदुऱ्याचा बाजार असो, नाहीतर मामाकडचं लग्न. बाबा गाडी जुंपायचे आणि हे चौघे गाडीखाली शिरायचे. उन्हाळ्यात तर गाडीच्या सावलीतूनच चालायचे, मैलोन् मैल. लोक हसायचे. उकंडराव, वरात कुठं निघाली, म्हणून विचारायचे. बाबांना त्याचा अभिमानच वाटायचा.

बाबांनी त्यांना एक शिस्त लावली होती. बांधलं की बसायचं. दाव्याला तोंड लावायचं नाही. बाबा येऊन आपल्या हाताने घास देतील आणि "चाला" म्हणतील, तेव्हाच उठायचं. लहानपणी टिप्याने एकदा दावं कुरतडलं होतं. बाबांनी त्याला असा झोडपला, की पुन्हा चौघांपैकी एकानेही दाव्याला दात लावला नाही.

त्या साली इंद्रभानला गोवर निघाला होता. मायने रानातल्या मारुतीला नवस बोलला, की पोरगा उठून बसला तर रोडगे करीन.

पोरगा उठला.

रोडगे म्हणजे आमच्याकडची सहलच. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, वांग्याची भाजी करायची, वरण करायचं. आधी देवाला नैवेद्य. मग पहिला रोडगा कुत्र्यांना. मग घरच्यांना.

त्या शनिवारी आम्ही गाडी जुंपून मारुतीला गेलो. नैवेद्य होईपर्यंत कुत्र्यांनी अन्नाला तोंड लावू नये, म्हणून बाबांनी चौघांना लांब नाल्याच्या काठावर निंबाला बांधलं. दावी लांब होती, सावली होती. चौघे मुकाट्याने ओळीत बसले.

तो मारुती गावापासून दोन कोसांवर. वैशाखात तिकडे चिटपाखरू नसायचं.

रोडगे होत आले होते. निखाऱ्यांचा आर वरून पांढरा पडला होता, नुसती राख दिसत होती. इंद्रभान कुत्र्यांकडे पळत निघाला. त्याला वाटलं, विझलंय.

तो सरळ आरातून गेला.

ती किंकाळी मी अजून विसरलेले नाही. दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत भाजले होते. मायने त्याला उचललं आणि ती त्याला छातीशी धरून उभी राहिली. बाबांनी बैल जुंपले.

"मी भांडे टाकतो गाडीत, तू कुत्रे सोड," बाबा मला म्हणाले.

मी पळाले. निंबापर्यंत अर्ध्या वाटेत गेले असेन. चौघे उभे राहिले होते, शेपट्या हलवत होते. तेवढ्यात मागून इंद्रभान ओरडला. "अक्का! अक्का!"

मी मागे वळून पाहिलं. बाबा गाडीवर चढत होते. मला वाटलं, मला सोडून जातात की काय...

मी परत फिरले. तशीच गाडीत चढले.

"सोडले काय वं?" बाबांनी विचारलं.

"हाव, सोडले," मी म्हणाले.

का म्हणाले, ते आजही सांगता येत नाही. भ्याले होते, एवढंच.

गाडी निघाली. पन्नास पावलं गेलो, शंभर गेलो. आता सांगावं, आत्ता सांगावं, असं मनात चाललं होतं. मी तोंड उघडलं.

आणि गाडीखालून आवाज आला...

हा... हा... हा...

कुत्रे धापा टाकत होते. एक नाही, चौघे. मातीवर पावलं वाजत होती. त्यात रंभीचा लंगडा पाय वेगळा ऐकू येत होता. तीन ठोके, एक खाडा. तीन ठोके, एक खाडा.

मला रडूच फुटलं. आनंदाचं. कुणीतरी सोडले वाटतं, मायने सोडले असतील, असं मला वाटलं. मायच्या मांडीवर इंद्रभान होता आणि ती जागची हललीही नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, मी ते येऊ दिलं नाही.

मी तोंड मिटून घेतलं.

वडनेरला पोचेपर्यंत तो आवाज खाली होता. घरासमोर गाडी थांबली...

आणि आवाज बंद झाला.

मी उतरून गाडीखाली वाकून पाहिलं. कुणीच नव्हतं.

पाणी प्यायला परसात पळाले असतील, म्हणून मी मनाला समजावलं. इकडे बाबांनी बैल शेजारच्या रंगरावांच्या हवाली केले. सडकेवर एक ट्रक थांबवला आणि मायला, इंद्रभानला घेऊन ते मलकापूरच्या दवाखान्यात गेले. मी रंगरावांच्या बायकोकडे, भिमाबाई काकूंकडे राहिले. जेवायचं त्यांच्याकडे, पण घर आमचंच झाडायचं, कुत्र्यांना आमच्याच अंगणात घालायचं.

तिन्हीसांजेला मी चार भाकरी ठेवल्या. त्यांची पाण्याची दगडी कुंडी काठोकाठ भरली. हाका मारल्या. कुणी आलं नाही.

मी दारात पाठ फिरवली...

लप... लप... लप...

कुंडीत पाणी पिण्याचा आवाज. घाईघाईने, एकावर एक. मी वळले. अंगण रिकामं होतं.

कुंडीही रिकामी होती.

भाकरींना कुणी शिवलंही नव्हतं.

अख्खी कुंडी एका श्वासात कशी संपते? मी पुन्हा भरली. आत गेले. पुन्हा तो आवाज. पुन्हा रिकामी. त्या संध्याकाळी मी पाच वेळा पाणी भरलं. मला भीती वाटली नाही, खरंच सांगते. मला वाटत होतं, आहेत ना, इथेच आहेत, उन्हाने तहानलेत बिचारे.

रविवारी दिवसभर तेच. भाकरी वाळून खडखडीत झाल्या. पाणी मात्र टिकत नव्हतं. दुपारच्या उन्हात तर भरून चार पावलं जाते न जाते, तोच कुंडी कोरडी व्हायची.

एकदा मी मुद्दाम समोर बसून राहिले. नजर हलवली नाही. पाणी तसंच राहिलं. मात्र कुंडीच्या पलीकडून कुणीतरी बारीक कण्हत होतं... चांदी कण्हायची, तसं. मला ते ऐकवेना. मी डोळे मिटले.

लप... लप...

काकू विचारायच्या, काऊन वं, कुत्रे दिसत नाईत तुमचे? मी सांगायची, रानात गेलेत, येतात पाणी प्यायला. ते सगळं खोटंही नव्हतं.

सोमवारी मी डोक्यावरून तिसरी खेप आणली, तेव्हा काकूंचा संयम सुटला. विहिरीने तळ गाठला होता. बाया पहाटेपासून रांगेत उभ्या राहत होत्या.

"पाणी काय कुत्र्याइपुढं सांडाले वाह्यतो काय आपण?" त्या म्हणाल्या. "तीन दिवसापासून पाहून राह्यली मी. बस झालं आता."

त्यांनी घागर माझ्या हातातून काढून घेतली.

दुपारी कुंडी कोरडीच राहिली. मी ओसरीत बसले होते. अंगणात दगडावर नखं घासल्याचा आवाज येत होता. कोरड्या कुंडीत जीभ फिरल्याचा खरखर आवाज येत होता. बराच वेळ.

मग हळूहळू कमी झाला...

मग थांबला.

चार वाजता बाबा मलकापूरहून आले. इंद्रभानच्या जिवाचा धोका टळला होता. बाबांचे डोळे लाल होते, पण चेहऱ्यावर हसू होतं. दारातूनच त्यांनी शीळ घातली. त्या शिळेला चौघे कुठूनही धावत यायचे.

कुणी आलं नाही.

बाबांनी पुन्हा शीळ घातली. मग वाळलेल्या भाकरींकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत होते. त्यांनी रंगरावांना हाक मारली, गाडी जुंपली. मी न विचारता मागे चढले.

येताना गाडीखाली जे होतं, ते जाताना नव्हतं. नुसती चाकं वाजत होती.

चौघे निंबाखाली होते. ओळीत. तोंडं वाटेकडे. रंभीच्या पोटाशी चांदी.

सावली केव्हाच सरकून गेली होती.

दावी सैल पडली होती. एका झटक्यात तुटली असती, अशी जुनी दावी. बाबांनी एकेक दावं हातात घेऊन पाहिलं. त्यावर दाताचा एक ओरखडा नव्हता.

बाबांनी रंभीच्या अंगावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून बसले.

"आत्ताच गेले रे हे, रंगराव," ते म्हणाले. "जास्तीत जास्त दोन घंटे. या उन्हात तीन दिवस कसे काढले याइनं?"

रंगराव जमिनीकडे बघत होते.

चौघांच्याही तोंडाखालची माती ओली होती. तिथे आसपास कोसभर पाण्याचा थेंब नव्हता. नाला आटलेला, माती भेगाळलेली. आणि त्या चार ठिकाणी चिखल. कुणी पाणी पाजून गेलं म्हणावं, तर माणसाचं एक पाऊल उमटलेलं नव्हतं. आणि पाणी पाजणारा दावं सोडणार नाही का?

बाबा उठले. थंड पडलेल्या राखेत हात घालून त्यांनी एक रोडगा काढला. तो दगड झाला होता. गुडघ्यावर आपटून त्याचे चार तुकडे केले. एकेक तुकडा एकेकापुढे ठेवला. नैवेद्य झालाच नव्हता, तरी ठेवला.

मग एकेकाचं दावं सोडलं आणि म्हणाले, "चाला."

मी माझ्या बापाला तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. आम्ही चौघांना तिथेच निंबाखाली पुरलं.

घरी आल्यावर मी कुंडी भरली. रात्रभर भरलेली राहिली. दुसऱ्या दिवशीही. पाणी हिरवं होईस्तोवर ती तशीच होती. मग मायने उलटी करून ठेवली.

इंद्रभान बरा झाला. पायांवर डाग राहिले, चालणं नीट राहिलं. कुत्रे कुठे गेले, हे त्याने महिनाभर विचारलं, मग सोडून दिलं. आमच्याकडे पुन्हा कुत्रा आला नाही. बाबांनी मला कधी काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. मला वाटलं, विसरले असतील.

एकतीस वर्षं गेली.

१९९४ च्या थंडीत बाबांनी अंथरूण धरलं. मी सासरहून आले होते. सकाळचं कोवळं ऊन खाटेवर आलं होतं. मी पायाला तेल लावत होते. बाबा एकदम बोलायला लागले.

"पोरी, त्या दिवशी वळणावर मी मांगं पाह्यलं होतं. चारई जण निंबाखाली होते. बांधलेलेच. मले साफ दिसले."

माझा हात थांबला.

"पण गाडीखाली बी होते," बाबा म्हणाले. "रंभीचा पाय वाजत होता. मले वाटलं, उन्हानं डोये फिरले माहे. गाडी फिरवली असती तं दहा मिनिटाचं काम होतं."

मला रडू आवरेना. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तू लहान होती. भेली असशीन. तुहा दोष नाई, माहा हाय. मी पाह्यलं, अन् नाई फिरवली." मग म्हणाले, "पण त्याइले पाणी कोणं पाजलं वं? हे मले आजवर समजलं नाई."

मला माहीत होतं.

पाणी कुणी पाजलं, आणि कोणत्या दुपारी बंद केलं, हे त्या घरात मला एकटीला माहीत होतं. सांगायला तोंड उघडलं. पण हे ऐकून या माणसाला मरताना काय मिळेल, असं मनात आलं. की नेहमीसारखी भ्याले, कोण जाणे.

"नाई माहीत बाबा," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. माझं खोटं त्यांना त्या दिवशीही ओळखू आलं असावं. दुपारी त्यांनी दोन घोट पाणी मागितलं. मी चमचा तोंडाशी नेला, तर त्यांनी मान फिरवली आणि अंगणाच्या दिशेने बोट केलं. आधी तिकडे दे, असं म्हणत असल्यासारखं.

अंगणात कुणीच नव्हतं.

मी उठले नाही. तिथेच बसून त्यांना पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, बाबा, तुम्ही प्या, आधी तुम्ही प्या. त्यांनी घेतलं नाही. तसेच गेले.