कुंपणाबाहेरचा उपास

माझ्या आईच्या मावशीबरोबर घडलेली ही गोष्ट आहे. तिनं ती स्वतःच्या तोंडानं सांगितली. थर्झा मावशी फुगवून सांगणारी बाई नव्हती. कोंबडीनं चार अंडी घातली, तर लोकांना ती तीनच सांगायची. त्यामुळे मी तरी यातला शब्दन् शब्द खरा मानतो.

७ फेब्रुवारी १८९७, रविवार. वायोमिंगच्या डोंगरातलं आमचं खोरं. कमरेइतकं बर्फ.

दुपारचे दोन वाजले होते. हो, भर दुपार.

महिन्याचा पहिला रविवार आमच्या पंथात उपासाचा. सगळं गाव प्रार्थनाघरात जमतं. ज्याला वाटेल तो उभा राहतो आणि मनातलं बोलतो.

थर्झा गेली नव्हती. एकटी विधवा बाई. गोठ्यात एकोणीस गायी. आणि तीन दिवस एकाही गायीनं गवताला तोंड लावलं नव्हतं.

गायी गेल्या की जमीन गेली. मग उरलेला जन्म दिराच्या चुलीपुढे.

आदल्या दिवशी दीर येऊन बघून गेले होते. हेबर. गावचे बिशप, म्हणजे प्रार्थनाघराचे मुख्यही तेच.

"वहिनी, तुमच्या गायी माझ्यापेक्षा धार्मिक निघाल्या! मी महिन्यातून एक दिवस उपाशी, या तीन दिवस!"

"हसा भाऊजी. गवत खालच्या कुरणाचं आहे, विसरू नका."

हेबर हसायचे थांबले. कारण त्यातला तिसरा हिस्सा त्यांच्या गंजीत होता.

खालचं कुरण…

सात वर्षांपूर्वीच्या भयंकर हिवाळ्यात एल्क डोंगरावरून उतरले होते. घोड्याएवढाली हरणं, शेकड्यांनी. पिढ्यान्पिढ्या त्यांचा हिवाळा त्याच कुरणात जायचा. आमच्या लोकांनी तिथे गवताच्या गंज्या रचल्या आणि भोवती उंच वासे ठोकले. एल्क कुंपणाला छाती लावून उभे राहिले.

अकरा दिवस.

मग उभ्याउभ्याच मेले.

वसंतात वासामुळे प्रार्थनाघराच्या खिडक्या उघडता येईनात. तेव्हा थर्झाच्या सासऱ्यानं उजवा हात वर करून सगळ्या गावादेखत ते कुरण देवाला वाहिलं. दर सातव्या वर्षी तिथली काडी कापायची नाही. ती एल्कांची.

हे पहिलंच सातवं वर्ष.

उन्हाळ्यात थर्झा म्हणाली होती, "एल्क उरलेत कुठे? गवत काय देव खाणार आहे?" बिशपांनी मान डोलावली. मान डोलावण्याचा हिस्साही घेतला.

तर, दुपारचे दोन.

गोठ्यात एकोणीस गायी एकाच दिशेला तोंड करून उभ्या. गंजीकडे.

कान ताठ. रवंथ बंद.

आणि बाहेर…

टक्.

टक्… टक्…

थर्झाला तो आवाज ठाऊक होता. एल्क चालतो तेव्हा त्याच्या पायाच्या सांध्यांतून येतो. कळप चालला, तर शंभर बोटं मोडल्यासारखी वाटतात.

ती बाहेर धावली.

कोणीच नाही.

बर्फ सपाट. खुराचा एक ठसा नाही, एक लेंडी नाही.

पण गंजीभोवतीचे वासे वाकत होते. आत… छाती टेकल्यासारखे. एक इथे, एक तिथे. चारी बाजूंनी.

तिच्या मानेवर ऊन श्वास आला.

थर्झानं मागे पाहिलं नाही. कुऱ्हाड आणली आणि एकेक वासा तोडला. शेवटचा पडला तशी म्हणाली, "घ्या. तुमचंच आहे. माझ्या गायींपुरतं ठेवा."

घरात जाऊन तिनं दार लावलं. अंधार पडेपर्यंत गवत ओरबाडल्याचा आवाज येत होता.

सकाळी अर्धी गंजी संपली होती. बर्फ तसंच कोरं. आणि एकोणीस गायी उरलेल्या गवतात तोंड खुपसून खात होत्या.

ती तशीच हेबरकडे गेली.

"भाऊजी, तुमचेही वासे काढा."

"वहिनी, मेलेल्या हरणांना चारणारा बिशप म्हणून लोक हसतील मला!"

"हसू देत. तुमच्या गायी खातायत का?"

हेबरनी गोठ्याचं दार ओढून घेतलं.

मार्चचा पहिला रविवार. प्रार्थनाघर भरलेलं. हेबर उभे राहिले, तोंड उघडलं…



टक्… टक्…

सगळ्यांनी ऐकलं. उत्तरेकडच्या खिडक्यांवर बाहेरून वाफ धरली. एकेका काचेवर, एकेका नाकाएवढी.

हेबर तसेच बाहेर पडले आणि घरी जाऊन त्यांनी वासे तोडले. पण त्यांच्या सव्वीस गायींतली एकच जिवंत होती. बाकीच्या भरल्या गव्हाणीपुढे मेल्या होत्या.

उभ्याउभ्या.

आता ती जमीन माझ्याकडे आहे. यंदा सातवं वर्ष. मी कुंपण उतरवलंय, कुरणाला हात लावलेला नाही.

म्हणजे… एक भारा कापला होता. घोड्यासाठी. एका भाऱ्यानं काय होतंय?

घोडा कालपासून खात नाहीये.