खिडकीपाशी लिहिलेलं

"अहो, तुमची ही गुंडाळी माझ्या कानात शिरतेय!"

धारवाडच्या बसमध्ये मागे बसलेला माणूस असं म्हणाला आणि मथुराला हसूच आलं. "गुंडाळी नाही… बंगला आहे तो. फ्रान्समधला."

"मग जपून धरा की. म्हातारा दिसतोय." त्याने नकाशाच्या उलगडलेल्या कोपऱ्यावरची तिरकी फ्रेंच अक्षरं सहज वाचली. "मोठा जिना."

तो सुमंत. धारवाडच्या केलगेरीत शाळकरी मुलांना फ्रेंच शिकवायचा. आणि देशपांडे नगरातल्या एका ऑफिसात मथुरा परदेशी घरांचे नकाशे काढायची. हा बंगला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका कापडव्यापाऱ्याने बांधलेला. नवा मालक आता आतल्या भिंती पाडून हॉटेल करणार होता. त्याआधी घराची खोली न् खोली, कोनाडा न् कोनाडा कागदावर उतरवून ठेवायचा होता. पण जुन्या नकाशावरचं हस्ताक्षर ऑफिसात कुणालाच लागत नव्हतं.

सुमंतला लागलं. मग दर शनिवारी पाच वाजता, केलगेरीच्या तळ्याजवळच्या कँटीनमध्ये, चुरमुऱ्यांच्या गिरमिटाच्या बशा बाजूला सारून दोघं कागदावरच्या त्या बंगल्यात शिरू लागले.

"पाहुण्यांना पुढचा संगमरवरी जिना, नोकरांना मागचा लाकडी," सुमंत सांगायचा.

"आपण कुठून चढायचं?"

"मागून. पुढून गेलो तर विचारतील… ही तुमची कोण?"

मथुरा बशीकडे बघत राहायची.

आई गेल्यापासून उणकलच्या खोलीत ती एकटीच होती. बंगल्याच्या जेवणघरात चौदा खुर्च्या तिने स्वतःच्या हाताने काढल्या होत्या. तिच्या खोलीत एकच खुर्ची. दुसरी आणायचं कधी कारणच पडलं नव्हतं.

शेवटच्या कागदावर, वरच्या मजल्यावरच्या खिडकीपाशी, पेन्सिलीची एक पुसट ओळ होती. सुमंत बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "इथे ती बसेल… म्हणजे येणाऱ्याला खालूनच दिसेल."

तिने ते वहीत उतरवून घेतलं. कान मात्र तापले होते.

बुधवारी फ्रान्सहून नकाशांवरच्या मजकुराची तपासणी होऊन आली. त्या ओळीचा अर्थ होता : पावसाच्या पाण्याचा नळ इथून खाली. मथुरा आधी खुदकन हसली. मग वही उघडून सुमंतची ओळ पुन्हा वाचली. गुरुवारी नकाशे गेले. काम संपलं. आता शनिवारी जायचं कशाला?

तरी ती गेली. रिकाम्या हातांनी.

"त्या खिडकीपाशी नळ आहे," ती बसता बसता म्हणाली.

सुमंतचा कप ओठांपाशीच थांबला. "माहीत होतं… तेव्हाच वाचलं होतं."

"मग खोटं का सांगितलंत?"

"शेवटचा कागद होता तो." त्याने कप खाली ठेवला. "अप्पा गेल्यापासून मी घरात टीव्ही चालूच ठेवतो. बघत नाही… आवाज हवा म्हणून. शनिवारी तेवढी गरज पडत नाही. मथुरा… तुम्ही कायमच्या याल?"

तळ्यावरून गार वारा आला. तिने पदर खांद्याभोवती ओढून घेतला.

"विचारायला माझ्या घरी कोणी नाही," ती म्हणाली. "माझं मलाच ठरवायचंय."

"मग…?"

"येईन. पण मी बोलत असताना टीव्ही लावायचा नाही."

सुमंत हसला. मग त्याने चष्मा काढला आणि तो पुसायला त्याला बराच वेळ लागला.