नववी खाच

१७ जानेवारी, शुक्रवार. कोरडी थंडी, वारा नाही, रात्री दहापासून धुकं. तारीख आणि हवा मी वहीत रोज लिहितो हे तुम्हा भाचरांना ठाऊक आहे, तेव्हा मामा मीठमसाला लावतोय असं कुणी म्हणू नका. जिच्या बाबतीत हे घडलं तिनंच मला दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सांगितलं आणि मी लगेच उतरवून घेतलं.

माझी मावसबहीण, तुमची टॅक्सीवाली मावशी, तेव्हा टॅक्सीवाली नव्हती. टॅक्सी तिच्या नवऱ्याची. माणूस सहा फुटांच्या वर, आणि गाडीच्या बाबतीत सख्ख्या भावावरही विश्वास न ठेवणारा. मावशी माहेरी बापाच्या टेम्पोवर गाडी शिकलेली, लायसन होतं. पण एकोणीस वर्षांत त्यानं तिला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. दुरुस्तीच्या वेळी टॉर्च धरायला आणि पाने हातात द्यायला मात्र तीच लागायची.

डिसेंबरच्या सुरुवातीला तो झोपेतच गेला. गाडीचे कागद दोघा भावांच्या नावावर. दीर म्हणाला, वहिनी, बंद पडलेला डबा ठेवून काय करणार, मी विकतो. ती म्हणाली, मी चालवीन. तो हसला. शेवटी एवढं ठरलं की शनिवारी सकाळी सहाला तो ओढून न्यायला दोर घेऊन येईल. तोवर गाडी चालू झाली तर तिची.

रात्री साडेदहाला ती गॅरेजचं शटर वर करून आत गेली. बॅटरी दुपारीच चार्ज करून आणली होती. आधी ती चालकाच्या जागेवर बसली. पाय पोचेनात. सीट नवऱ्याच्या मापाची, रुळाच्या अगदी मागच्या म्हणजे नवव्या खाचेत. तिनं ती मोजून चौथ्या खाचेत आणली. शेजारची सीट त्यानं कायमची अगदी पुढे ढकललेली, मागच्या प्रवाशाला पाय पसरता यावेत म्हणून. तिची कडी गंजून घट्ट बसली होती.

किल्ली फिरवली. नुसतं टक. पुढचे दिवे लावून पुन्हा फिरवली, तर दिवे मंदावले. म्हणजे करंट मधेच अडतोय. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली होती. गरम पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन तिनं ती घासली, दहा नंबरच्या पान्यानं नट आवळले. परत येऊन बसली.

पाय पोचेनात.

कडी नीट बसली नसेल, असं तिला वाटलं. सीट पुन्हा चौथ्या खाचेत. कमरेनं रेटा देऊन पाहिलं, हलली नाही. किल्ली फिरवली. आता इंजिन जोरात फिरलं, पण पकडेना. म्हणजे पेट्रोल येत नाही. किल्ली अर्धी फिरवली की मागून पंप दोन सेकंद गुणगुणतो. तिनं कान दिला. काहीच नाही. फ्यूज तपासला, चांगला. पंपाला करंट सोडणारा रिले काढून त्या जागी हॉर्नचा बसवला. त्यासाठी ती उतरून बॉनेटखाली वाकली होती. एक वाजून वीस मिनिटं.

आतून आवाज आला. खट्... खट्... खट्... खट्... खट्.

पाच. चौथीपासून नववीपर्यंत बरोबर पाच.

बॉनेट वर होतं. आतलं दिसत नव्हतं. ती बाजूनं आली. आत कुणी नाही. सीट मागे. आणि सीटचं रेक्झिन... मधोमध दबलेलं.

"पळाली का मग?" धाकट्यानं आत्ता विचारलं ना, तसंच मीही विचारलं होतं. ती म्हणाली, गाडी सोडून?

तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "उठा. सहाला तुमचा भाऊ येतोय."

रेक्झिन हळूहळू वर आलं.

ती बसली. चौथी खाच. किल्लीला हात घातला. आणि सीट तिच्यासकट मागे निघाली. खट्... खट्... तिनं स्टिअरिंग धरून ठेवलं. हात सुटले. मांडीवरचा टॉर्च खाली पडला. उजेड पायांमधल्या गालिच्यावर.

तिथे, सीट पुढे असली की झाकला जाईल अशा जागी, एक काळा बटण-स्विच होता. पंप बंद ठेवणारा चोर-स्विच. गाडी उभी केली की तो दाबून ठेवायचा, आणि हे त्यानं जगात कुणालाही सांगितलं नव्हतं.

ती स्विचकडे पाहत राहिली. म्हणाली, "एकोणीस वर्षं टॉर्च धरला मी. जिवंतपणी सांगायला काय झालं होतं?"



तिनं स्विच दाबला. मागे पंप गुणगुणला. सीट ओढून चौथ्या खाचेत आणली, कडी पायानं ठोकली आणि समोर बघत म्हणाली, "आता हलवून दाखवा."

किल्ली फिरवली. दोन वाजून पाच मिनिटांनी गाडी चालू झाली.

सहाला दीर दोर घेऊन आला, तेव्हा ती रस्त्यावर इंजिन चालू ठेवून बसली होती. काच खाली करून तिनं विचारलं, "कुठं सोडू, भाऊजी?" तो मागचं डावीकडचं दार उघडून बसायला गेला. गुडघे आत जाईनात. वाकून पुढच्या सीटकडे पाहिलं, दार लावलं आणि दोर खांद्यावर टाकून चालत घरी गेला.

साडेसातला मी स्वतः जाऊन खाचा मोजल्या. शेजारच्या सीटच्या रुळावर ताज्या गंजाचा भुगा पडला होता. चालकाची सीट चौथ्या खाचेत. शेजारची नवव्या.