आतली कडी

बाबांचा धंदा कुलपांचा, आणि घरातल्या बायकाही त्यांना कुलपासारख्याच लागत, बंद. दुपारचं जेवण उरकून दुकानाला निघताना ते उंबऱ्यात उभे राहून हजेरी घ्यायचे. आईने "आहे" म्हणायचं, बेबीने "आहे" म्हणायचं, मगच बाहेरून किल्ली फिरायची. बेबी वीस वर्षांची घोडी झाली तरी बेबीच. रोज तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

नर्सिंगच्या प्रवेशाचा आज शेवटचा दिवस होता. शाळेचा दाखला बाबांनी माळ्यावरच्या खोलीत, आत्याच्या ट्रंकेत डांबला होता. आत्यालाही शिकायचं होतं. बाबांनी तिला त्याच खोलीत कोंडलं, दाराची आतली कडी उखडून काढली, वर म्हणे, "हिला कशाला हवी कडी?" आत्या तिथेच गेली. कशाने, ते विचारायची सोय नव्हती.

बाबा आंघोळीला गेले तेव्हा आईने त्यांच्या जुडग्यातली माळ्याची किल्ली काढून दिली. बेबीने दाखला घेतला, कुलूप पुन्हा घातलं आणि किल्ली जुडग्यात परत लावली. इतक्या वर्षांनीही आत आत्याच्या शाईचा ओला वास येत होता. बाबा जेवून हात धुवायला उठल्यावर ती मागच्या दाराने सटकली; ते घरात असेपर्यंतच त्या दाराला कुलूप नसायचं.

गल्लीत पाय ठेवला आणि आठवलं. हजेरी! दोघींनी सगळं ठरवलं होतं, चपला कुठे ठेवायच्या तेसुद्धा. हेच विसरल्या होत्या.

"आहे," आई घरातून म्हणाली.

"बेबी?"

बेबी परत दाराकडे वळली.

"आहे."

माळ्यावरच्या खोलीतून. हुबेहूब बेबीचा आवाज.

किल्ली फिरली. बेबी जी पळाली ती कॉलेजच्या खिडकीशीच थांबली.

संध्याकाळी ती मैत्रिणीकडे असताना आईचा फोन आला. आई कुजबुजत होती.

"झाला का गं प्रवेश?"

"झाला."

"मग... वर कोण आहे? हे आले, तशी तुझ्या आवाजात हाक आली, 'बाबा, वर या.' हे तावातावाने कुलूप काढून आत गेले. आता ओरडतायत. मी दार ढकललं, पण... आतून कडी लागलीय."

त्या दाराला आतून कडी नव्हती.

बेबीचा राग भीतीहून जुना होता.

"आई, पुढचं दार उघडं आहे ना? नीघ तू."

"आणि हे?"

"त्यांची हजेरी घे."

आईने हाक मारली, "अहो...?"

ओरडणं थांबलं. "आहे," बाबा म्हणाले, अगदी बारीक आवाजात.

पाठोपाठ आणखी एक "आहे" आला. या वेळी तो बेबीचा नव्हता. आईला मात्र ओळखीचा असावा.

"वन्सं..." ती म्हणाली.