परावलंबी स्रोत

धाकटी बहीण आणि मी एकाच कॉलेजात सर्किट शिकवतो. नोकरी आधी मला लागली, तिला मीच चिकटवलं. विद्यार्थी मात्र तिच्या तासाला दाटीवाटीने बसतात. माझा जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू?

"चूक एकच होते," ती मुलांना सांगायची. "सर्किट सोपं करताना तुम्ही सगळेच स्रोत बंद करता. परावलंबी स्रोत तसा बंद होत नाही. तो भलत्याच शाखेतल्या प्रवाहावर चालतो. आधी ती शाखा शोधा."

विभागप्रमुख निवडायचा होता, म्हणून दोघींनी प्रात्यक्षिक दाखवायचं ठरलं. माझ्या वेळी प्राचार्य जांभया देत होते. तिची पाळी आली. ती त्यांना समजावण्यात गुंतलेली पाहून मी तिच्या मांडणीतला परावलंबी स्रोत जिच्यावर चालत होता ती शाखाच उपटली. वायर माझ्या मुठीत आली. व्होल्टमीटरचा काटा शून्यावर पडायला हवा होता.

तो सहावरच होता.

मी मुख्य पुरवठाही बंद केला. तरी सहा.

"वा!" प्राचार्य तिला म्हणाले. माझ्या पोटात दुखलं, आणि काटा आठवर चढला.

धाकटीने माझ्या मुठीकडे पाहिलं. रागावली नाही. "ताई, जवळच थांब हं," ती हळूच म्हणाली. "तू असलीस की माझं नीट चालतं."

पद तिलाच मिळालं. मी बरेच दिवस धुमसत राहिले. मग एका सकाळी उठले तर आत काहीच नव्हतं. हेवा पार निघून गेला होता. इतकं हलकं वाटलं, की तिला जवळ घ्यायला म्हणून लवकरच निघाले.

तिच्या वर्गाबाहेर मुलं घोळक्याने उभी होती.

"मॅडम, त्या शिकवता शिकवता थांबल्या," एक मुलगी म्हणाली.

धाकटी फळ्यापाशी उभी होती. खडू टेकलेला, डोळे उघडे. मी तिचा हात धरला. गार होता.

मी तिचं पद आठवलं. तिचा भरलेला वर्ग आठवला. पोटात जुनी कळ उठली.

तिचं एक बोट हललं.

मग तिच्या बाहीवरची खडूची पूड दिसली. लहानपणीही अशीच माखून यायची, आणि मी झटकायचे.

बोट थांबलं.

"आहे गं मी इथे," मी म्हणाले आणि जीव तोडून तिचा हेवा करू लागले. दाटून येत होती ती नुसती माया. हात आणखी गार पडत होता.