ब्रेक दाबला होता

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, माझा आग्रह नाही.

मी दिव्ना. सर्बियातल्या चाचाकमध्ये माझं गाड्यांच्या ब्रेकचं दुकान आहे. दिवसभर डिस्क, पॅड आणि पाइप विकणाऱ्या बाईला भुताखेतांसाठी वेळ नसतो. मलाही नव्हता.

मागच्या ऑक्टोबरातला शेवटचा शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी मृतांचा शनिवार, म्हणजे सगळं गाव मेणबत्त्या आणि नैवेद्य घेऊन दफनभूमीत जाणार. आणि रविवारी आमच्या डोंगरावरची शर्यत.

माझा धाकटा भाऊ रेल्या त्या शर्यतीत जुनी युगो गाडी पळवणार होता. इंजिनावर त्याने जीव ओतला होता. ब्रेक मात्र आजोबांच्या काळातले! सरावात तिसऱ्या वळणावरच पेडल मऊ पडलं, आणि घरी आला तेव्हा पोराचा चेहरा पांढराफटक होता.

"ब्रेक मी निवडणार," मी म्हटलं. "तू तोंड उघडायचं नाही."

उघडलंच त्याने.

"ताई, भोकं पाडलेल्या डिस्क घेऊ ना. काय भारी दिसतात!"

"तुला शर्यत लावायचीय की वरातीत मिरवायचंय? तापल्या की भोकाभोकातून तडकतात त्या. चरे पाडलेल्या घे."

"बरं. पण पॅड तरी शर्यतीचे, सगळ्यात जहाल..."

"ते तापल्याशिवाय धरत नाहीत, शहाण्या. आपली चढण ती केवढीशी! पॅड तापेपर्यंत तू वर पोचून बिअर पीत असशील."

मधल्या जातीचे पॅड घेतले. राहिले पाइप. रबरी पाइप दाबाने फुगतो आणि पेडल लोण्यासारखं आत जातं. म्हणून मी वरून पोलादी जाळी विणलेले मागवले. ते कस्टममध्ये अडकले.

तेव्हा तिहोमिर म्हणाला, "कस्टमवाल्यांच्या नावाने बोंबलत बसू नकोस. पाइप मी आणतो."

तिहोमिर आमच्याकडचा सगळ्यात नावाजलेला मेकॅनिक. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात. त्याने खरंच पाइप आणले, सीलबंद खोक्यात. मी ते खोकं रॅकवर ठेवलं.

आता विदाकबद्दल सांगायला हवं.

विदाक दोन वर्षांपूर्वी त्याच डोंगरावर गेला. शर्यत संपवून खाली येताना चौथ्या वळणावर गाडी सरळ दरीत. गाडी जळाली. तपासायला काही उरलंच नाही. त्याचे ब्रेक तिहोमिरने बसवले होते, आणि तिहोमिर त्याचा कुम होता. कुम म्हणजे लग्नात शेजारी उभा राहणारा, आणि पुढे पोराचा बाप्तिस्मा होताना त्याला हातात धरणारा. आमच्यात सख्ख्या भावाशी भांडलं तरी लोक विसरतात. कुमाला दगा दिलेला विसरत नाहीत.

विदाकच्या बायकोने, रोसांदाने, शवपेटीपाशी त्याला विचारलं होतं, "कुमा, पाइप चांगले होते ना?"

तिहोमिरने पेटीवर हात ठेवला. सगळ्या गावासमोर.

"आपल्या कुमत्वाची शपथ, उत्तम होते. विदाकने ब्रेक दाबलाच नाही, कुमे. घाबरला बिचारा."

झालं. तेव्हापासून रोसांदा एका भित्र्याची विधवा. बाजारातही लोक कुजबुजायचे. मला तेव्हाच चीड आली होती, पण हातात पुरावा काय होता?

तर त्या शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी मी दुकान बंद करत होते. रस्ता सामसूम होता.

मागच्या खोलीतून आवाज आला...

टिंग.

मी थांबले.

टिंग... टिंग...

हा आवाज मला चांगला माहीत होता. विदाक डिस्क घ्यायला यायचा, तेव्हा ती बोटावर लटकवून किल्लीने वाजवायचा. चांगली डिस्क घंटेसारखी वाजते.

टिंग... टिंग... आणि मग...

थप्प.

मी आत गेले. कोणी नव्हतं. रेल्यासाठी काढून ठेवलेली एक डिस्क खोक्याबाहेर, टेबलावर पडली होती. तिचा तेलकट कागद नीट घडी घालून शेजारी ठेवलेला.

मी तिला हात लावला... आणि झटकन मागे घेतला.

डिस्क गरम होती.

कोरी डिस्क. गाडीवर कधी चढलीच नव्हती. फडक्याने धरून दिव्याखाली नेली, तर काठापासून आत केसाएवढा तडा. ही रेल्याच्या चाकावर बसली असती, तर?

त्या रात्री मी कोणाला काही बोलले नाही. वेड लागलं म्हणाले असते. गुपचूप दुसरी डिस्क काढली, दहा वेळा वाजवून पाहिली आणि मगच ठेवली.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडलं. कुलूप जसंच्या तसं होतं.

गल्ल्याजवळ तिहोमिरचं खोकं उघडं पडलेलं... आणि पाइप टेबलावर ओळीने मांडलेले.

एका पाइपचं टोक उपसून काढलेलं होतं. हे टोक यंत्राने आवळतात, माणसाच्या हाताने निघत नाही. आत काय होतं? साधं काळं रबर. तेही जुनं, चिरा पडलेलं. वरची पोलादी जाळी नुसती पायमोज्यासारखी चढवलेली.

मी तो पाइप मुठीत आवळला. आधी भीतीने, मग रागाने.

दुपारी तिहोमिर पाइप बसवायला म्हणून खोकं न्यायला आला. रेल्या तिथेच होता. मी तो पाइप मिस्त्रीच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

त्याने पाहिलं. हसला. "दुकान सांभाळ, दिव्ना. पाइप कसे बनतात ते मला नको शिकवूस. एखादा खराब निघतो."

"विदाकलाही असेच मोजे घातले होतेस का, मिस्त्री?"

हसू गेलं. रेल्या खाली बघायला लागला.

"तोंड सांभाळून बोल," तिहोमिर म्हणाला. "तो माझा कुम होता. कुमत्वाची शपथ, त्याचे पाइप..."

तेवढ्यात...

रॅकवरच्या सगळ्या डिस्क एकदम वाजल्या. हळूच.

"ट्रक गेला असेल," रेल्या पुटपुटला.

रस्त्यावर ट्रक नव्हता. सायकलसुद्धा नव्हती.

तिहोमिरच्या कपाळावर घाम आला होता, पण माणूस हटवादी. "माझ्याच पाइपवर गाडी वरून खाली आणून दाखवतो. आत्ता. मग तू सगळ्यांसमोर माझी माफी मागायचीस."

त्याने उपसलेलं टोक माझ्याच यंत्रावर पुन्हा आवळलं, रेल्याच्या युगोला पाइप बसवले, ब्रेक ऑइल भरलं, हवा काढली. उजेड असतानाच आम्ही डोंगरावर पोचलो. रेल्या म्हणाला, गाडी माझी आहे, मीही बसणार. माझं ऐकेना.

तो शेजारच्या सीटवर बसला. पट्टा लावला.

खट्. पट्टा सुटला.

पुन्हा लावला. पुन्हा सुटला. तिहोमिरने वाकून लावला, तरी तेच. रेल्या बाहेर उतरला आणि रिकाम्या सीटवर लावून पाहिला... बसला. पक्का! हलवला तरी निघेना.

रेल्या परत आत बसला. खट्.

मी त्याची कॉलर धरून त्याला बाहेर खेचलं. "सख्खी बहीण आहे मी तुझी. आज गाडीत पाय ठेवलास तर तंगडं मोडीन."

तिहोमिर एकटाच वर गेला. रेल्या तळाशी थांबला, खालून कोणी गाडी आणू नये म्हणून. मी चौथ्या वळणावर जाऊन उभी राहिले, विदाकच्या नावाचा काळा दगड आहे तिथे. तिथून वरचा रस्ता सगळा दिसतो. पाठीमागे तो दगड, समोर रिकामा रस्ता.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. पाखरूही नाही.

मग वास आला... तापलेल्या ब्रेकचा. उग्र, जळका.

गाडी अजून दिसतही नव्हती. वास माझ्या पाठीमागून येत होता.

मी वळून पाहिलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

वर इंजिन घुमलं. युगो वरच्या वळणावरून आली आणि क्षणभर तिची मागची बाजू माझ्याकडे झाली. ब्रेकचे लाल दिवे लागले होते. छान, दाबला त्याने, मी मनात म्हटलं.

दिवे लागलेलेच राहिले. कडेच्या पांढऱ्या कठड्यावर त्यांचा लाल उजेड धावत होता.

गाडीचा वेग मात्र वाढत होता.

टायर किंचाळले नाहीत. काहीच आवाज नाही. ती माझ्यासमोरून गेली तेव्हा मला तिहोमिरचा चेहरा दिसला. तो रस्त्याकडे बघत नव्हता. आपल्या पायांकडे बघत होता... आणि तोंड उघडं होतं.

मग गाडी कठडा फोडून खालच्या आलुबुखाराच्या बागेत गेली.

तो वाचला. खुब्याचं हाड मोडलं. झाडांनी अडवलं, नाहीतर विदाकसारखाच गेला असता. रेल्या सगळ्यात आधी त्याच्यापर्यंत पोचला. त्याने चाकांना हात लावला, तर डिस्क गार होत्या. डोंगरावरून खाली आलेल्या गाडीच्या डिस्क, बर्फासारख्या गार!

पोलिसांच्या माणसाने गाडी तपासली. पाइप शाबूत, अगदी तो आवळलेलासुद्धा. ऑइल भरलेलं. पेडल घट्ट. त्याने सांगितलं, चालकाने ब्रेक दाबलाच नाही.

आठवड्याभरात गावभर झालं. मिस्त्री घाबरला. दुसऱ्यांचे ब्रेक करतो आणि स्वतःला दाबता येत नाही! लोक कॉफी पिताना हसायचे. त्याच्याकडे गाडी न्यायची सगळ्यांनी बंद केली.

मी उपसलेल्या पाइपची सगळी गोष्ट रोसांदाला सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझ्याकडून नको, दिव्ना. कुमाच्या तोंडून हवंय."

या हिवाळ्यात तिहोमिर कुबड्या घेऊन माझ्या दुकानात आला. अर्धा उरला होता.

"दिव्ना, तू वळणावर होतीस. दिवे बघितलेस ना?"

मी पावतीचं पुस्तक मिटलं.

"दोन्ही पायांनी दाबला होता गं मी. सगळा जोर लावून. पेडलखाली..." त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पेडलखाली हात होता. कोणीतरी खालून धरून ठेवलं होतं. बोटात विदाकची अंगठी होती. लग्नात मीच त्याच्या हातात दिली होती."

मी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं.

"लोकांना एवढंच सांग की दिवे लागले होते. बाकी काही नको. तुझं ऐकतील."

"आधी रोसांदाकडे जा," मी म्हटलं. "विदाकच्या गाडीला कसले पाइप लावलेस ते तिला सांग. मग मी चर्चच्या दारात उभी राहून ओरडून सांगते."

तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस. "ते नाही जमणार. शपथ घेतलीय मी. गाव थुंकेल माझ्यावर."

"मग मला काहीच दिसलं नाही, मिस्त्री."

तो गेला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? विदाकसाठी झाला, रोसांदासाठी झाला.

पण तो अजूनही येतो. रोज थोडा आणखी वाळलेला. दाराशी उभा राहतो आणि नुसता बघतो. परवा मला खरंच त्याची कीव आली. म्हटलं, पुरे झालं आता, सांगून टाकावं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्याकडे वळले, तोंड उघडलं, 'दिवे लागले होते' एवढंच म्हणायचं होतं...

जबडा हलेना.

हनुवटीला खालून कोणीतरी घट्ट धरलं होतं.